पूलचं टेबल आणि परिग्रहाचं माप



मागच्या वेळी वाळवणांवर लिहिलं होतं. आजचा विषय वाचून हसाल, पण निमित्त घरातलंच आहे.

नातू इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. कॉलेज सुटलं की मित्रांबरोबर पूल पार्लरमध्ये जायचा. आमच्याकडे जेवण दिवस मावळायच्या आत. आठवड्यातून चार दिवस त्याचं पान रिकामं राहायचं आणि तो रात्री बाहेर काहीतरी खाऊन यायचा. खोदून विचारलं तेव्हा कळलं, तिथे हरेल त्याने टेबलाचं भाडं द्यायचं. माझ्या पोटात गोळाच आला. सप्तव्यसनांत जुगारही आहेच ना!

"आज्जी, भाडं कुणीतरी देणारच की," तो म्हणाला.

"मग वाटून द्या. हारजितीवर पैसा ठरला की तो जुगारच."

मुलाला चाकणहून घरी यायला आठ वाजतात. तो वैतागून म्हणाला, "घरीच टेबल घेऊ या." आणि चौकशी माझ्याकडे आली. माझी बी.कॉम.ची पदवी सगळ्यांना अशाच वेळी आठवते!

वहीत दोन रकाने केले : घरासाठी आणि पार्लरसाठी. अमेरिकेची ब्रन्सविक कंपनी १८४५ पासूनची. तिचं १९६१ साली आलेलं 'गोल्ड क्राउन' पूल हॉलमध्ये नावाजलेलं. 'डायमंड'ची एकसंध दगडाची टेबलंही पार्लरवाल्यांच्या आवडीची, कारण सांधाच नाही. इंग्लंडच्या 'रायली'चं नाव घरगुती टेबलांतही आहे. पण नावं बाजूला ठेवली तर खरा फरक वरच्या कापडाखाली असतो. चांगल्या टेबलात स्लेट असते, म्हणजे आपल्या शाळेतल्या पाटीचाच दगड. स्वस्त टेबलात दाबलेल्या लाकडी भुशाचा पत्रा. आपल्या पावसाळ्यात तो ओल धरतो, फुगतो आणि चेंडू वाकडा पळतो. दिवसभर खेळ चालणाऱ्या पार्लरला तर स्लेट हवीच. घरी तीन तुकड्यांची स्लेट सोयीची, जिन्यातून वर नेता येते. मात्र बसवणारा माणूस पाणसळ लावून सांधे जुळवणारा हवा, नाहीतर ब्रँड कितीही मोठा असो, पैसे पाण्यात.

मग मनात आलं, यात हिंसा किती? पूर्वी हे चेंडू हस्तिदंताचे असत. त्यांच्यापायी किती हत्ती गेले असतील! १८६० च्या दशकात अमेरिकेत पर्याय शोधणाऱ्याला दहा हजार डॉलरचं बक्षीस लावलं होतं, आणि त्या शोधातून हयात नावाच्या माणसाने सेल्युलॉइडचा चेंडू केला. आता बेल्जियमच्या 'अरामिथ'सारखे चेंडू फेनॉलिक रेझिनचे असतात. ऐकून बरं वाटलं. पण क्यूच्या टोकाला बहुधा चामडंच असतं. रेझिनचं टोकही मिळतं, पण ते पहिला फटका मारायच्या क्यूला. नेहमीच्या नाजूक फटक्याला ते घसरतं म्हणे. तिथे माझं मन अडलं, ते अजून अडलेलंच आहे.

शेवटी टेप घेतली. आठ फुटी टेबलाची खेळायची जागा ८८ बाय ४४ इंच. चारही बाजूंनी ५८ इंची क्यू फिरायला हवा. म्हणजे १७ फूट लांब आणि सव्वातेरा फुटांहून थोडी जास्त रुंद खोली. आमचा हॉल १६ बाय ११. सोफा काढला, शोकेस काढलं, तरी बसत नाही! शिवाय कुंभोज बाहुबलीला मी परिग्रह परिमाणाचं व्रत घेतलं, ते कशासाठी? साडेतीनशे-चारशे किलोची वस्तू एका मुलाच्या हौसेसाठी आणायची, आणि तो उद्या नोकरीला परगावी गेला की तिच्यावर कपड्यांच्या घड्या ठेवायच्या. माझ्या हिशेबात तो तोटाच.

"खेळच उनाड आहे," असं हे म्हणाले. मी त्यांना सांगितलं, विल्सन जोन्स आपल्या पुण्यात जन्मलेले, १९५८ मध्ये बिलियर्ड्सचे जगज्जेते झाले. खेळ वाईट नाही. धूर, पैज आणि वेळ-काळ विसरणं वाईट.

मग सोसायटीच्या कमिटीला पत्र लिहिलं. क्लब हाउसची मोठी खोली रिकामीच पडली होती. तीन कोटेशनं मीच मागवली, वर्गणी जमली, स्लेटचं मध्यम किमतीचं टेबल आलं. नियमही मीच लिहिला : पैशाची पैज नाही, हरेल त्याने पुढच्या डावाचे चेंडू लावायचे.

आता नातू साडेपाचला खाली खेळतो आणि सूर्यास्ताआधी पानावर बसतो. रोज नाही, खोटं कशाला सांगू? पण परवा त्याने मला क्यू धरायला शिकवला. मी हरले आणि पंधरा चेंडू त्रिकोणात नीट लावून दिले.

तुमच्या घरी मुलांच्या खेळाचं काय चाललंय? जरूर कळवा.