आओरीता

वर्गांत ‘सैन्धव’ हा शब्द शिकवितांना मी मुलांना नेहमीं विचारीत असें, “मालक म्हणाला, सैन्धव आण, तर नोकरानें काय आणावें?” सैन्धव म्हणजे मीठ, आणि सैन्धव म्हणजे सिंधु देशांतील घोडाही. मालक पानावर बसला असेल तर मीठ आणावें, प्रवासास निघाला असेल तर घोडा आणावा. एखादा वात्रट मुलगा मुद्दाम पानाशीं घोडा आणून उभा करी आणि सारा वर्ग हंसे. शब्दाचा अर्थ अर्धा कोशांत असतो आणि अर्धा प्रकरणांत, हें मीं छत्तीस वर्षें शिकविलें. मला स्वतःला तें समजलें मात्र वयाच्या सदुसष्टाव्या वर्षीं, मेक्सिको देशांत; आणि तेंही घरच्या मुलीच्या डोळ्यांत पाणी आणल्यावर.

माझें शालेय शिक्षण मॅट्रिकपर्यंतचें. संस्कृत पुढें वाईस शास्त्रीबोवांच्या पायाशीं बसून झालें. चिरंजीव संगणकाच्या कामानिमित्त मेक्सिकोंतील ग्वादालाहारा शहरीं गेला आणि तेथील मुलीशीं त्यानें विवाह केला. वर्ध्याचे क्रांतिकारक पांडुरंग खानखोजे यांनीं त्या देशांत चापिंगोच्या शेतकी विद्यालयांत अध्यापन केलें होतें, हें मीं पूर्वीं वाचलेलें; म्हणून ‘आपला एक मनुष्य तेथें नांदून आला आहे’ असें मनाचें समाधान करून घेतलें. पुढें माझें कुटुंब निवर्तलें, घर खायला उठलें, आणि मुलानें आग्रह करून मला तीन महिन्यांकरितां तिकडे नेलें.

निघण्यापूर्वीं मीं स्पॅनिशचें एक पहिलें पुस्तक आणि एक लहानसा कोश मिळविला. ही भाषा लॅटिनपासून झालेली असल्यामुळें संस्कृताच्या विद्यार्थ्यास ती दूरच्या मावशीसारखी भेटते. ‘बेंगो’ ह्या एका पदांत ‘मी येतों’ एवढा अर्थ असतो; ‘आगच्छामि’ म्हणतांना ‘अहम्’ घालावें लागत नाहीं, तसेंच हें. चारपांचशें शब्द पाठ झाले आणि आपणांस स्पॅनिश येऊं लागलें असा थोडा गर्वही झाला.

एके दिवशीं मुलगा कामासाठीं परगांवीं गेला होता. घरांत मी आणि सूनबाई. माझी जेवणाची वेळ सातची. मीं पुस्तकी स्पॅनिशमध्यें जेवणाविषयीं विचारलें, तेव्हां ती स्वयंपाकघरांतून म्हणाली, “आओरीता, अण्णा.” आतां ‘आओरा’ म्हणजे ‘आतां’. ‘ह्या घटकेस’ अशा अर्थाच्या दोन लॅटिन पदांपासून तो शब्द झाला आहे. त्यास ‘इता’ हा लघुत्वदर्शक प्रत्यय लागला. ‘पुत्र’चें ‘पुत्रक’ होतें त्यांतलाच प्रकार. तेव्हां ‘आओरीता’ म्हणजे ‘आतां’हूनही लहान काळ, अर्थात् ह्याच क्षणीं, असा व्याकरणशुद्ध निष्कर्ष काढून मी हातपाय धुतले आणि टेबलाशीं जाऊन बसलों.

पाव तास गेला, अर्धा तास गेला, आठाचा सुमार झाला. चाळीस वर्षांच्या संसारांत रिकाम्या पानावर बसण्याचा प्रसंग माझ्यावर कधीं आला नव्हता; ती आठवण अशा वेळीं यावी हें साहजिकच. मी उठलों आणि खोलींत जाऊन दार लावून घेतलें. कांहीं वेळानें सूनबाई बोलवायला आली, तेव्हां मीं तिला इंग्रजींत सुनावलें, “जेवण द्यावयाचें नसेल तर तसें सांगावें. वडील माणसाला ‘आत्तांच’ म्हणून तिष्ठत ठेवण्याची रीत आमच्याकडे नाहीं.” ती कांहींच बोलली नाहीं. आपला अपराध काय झाला हें तिला कळलेंच नव्हतें. डोळे भरून आले तशी ती मागच्या मागें वळली. त्या रात्रीं घरांत दोघेंही उपाशीं निजलों.

सकाळीं चहासाठीं स्वयंपाकघरांत गेलों, तों केराच्या डब्यांत सहा पोळ्या दिसल्या. कोणी करपलेली, कोणी वातड, कोणी नकाशासारखी. ओट्यावर झांकलेल्या ताटांत दोन बऱ्या जमलेल्या पोळ्या तशाच वाळून गेल्या होत्या. दोन महिने मी तेथील मक्याच्या भाकऱ्या निमूटपणें खात होतों, तें तिनें पाहिलें होतें.

मुलगा परत आल्यावर त्यानें मला ‘आओरीता’चें भाष्य ऐकविलें. मेक्सिकोंत ह्या शब्दाचा अर्थ ‘ह्या क्षणीं’ असा होतो, ‘थोड्या वेळानें’ असा होतो, ‘केव्हां तरी’ असा होतो. आणि कधीं कधीं ‘कधींच नाहीं’ असाही होतो. कोणता घ्यावयाचा तें बोलणाराचा स्वर, त्याचें तोंड आणि प्रसंग पाहून ठरवावयाचें. मीं तो प्रत्यय काळाला लावला, तेथेंच चुकलों. तो लागला होता बोलण्याला. ‘आतां’ ह्या शब्दाला त्यानें मऊपणा येतो, तांतडी येत नाहीं. मीं जरा चिडूनच विचारलें, “मग अशा भाषेवर मनुष्यानें विश्वास तरी कसा ठेवावा?” तो म्हणाला, “अण्णा, मीं सहलीला पैसे मागितले कीं तुम्ही ‘पाहूं’ म्हणत होतां. त्याचा अर्थ मला कोणी शिकविला होता?”

ह्यावर मजपाशीं उत्तर नव्हतें. त्या दिवसापासून मीं कोश मिटून ठेवला आणि माणसांकडे पाहूं लागलों. शेजारचे एक वृद्ध गृहस्थ मला म्हणाले, “आपलें घर पुढच्या गल्लींत आहे, अवश्य या.” मीं त्यांना नम्रपणें सांगितलें कीं, माझें घर ह्याच गल्लींत आहे. ते खूप हंसले. स्वतःच्या घराला ‘आपलें घर’ म्हणणें हा तिकडचा शिष्टाचार. पाहुण्याला आपण ‘घर तुमचेंच आहे’ म्हणतों, त्याची ही पुढची पायरी. शब्द नीट ऐकूं आला नाहीं तर तेथील सभ्य मनुष्य ‘मांदे’ म्हणतो, म्हणजे शब्दशः ‘आज्ञा करा’. एखादी वस्तु फार आवडली तर ‘के पाद्रे’ म्हणतात. अक्षरशः पाहतां ‘काय हा बाप’! आपला ‘पाद्री’ त्याच शब्दाच्या पोर्तुगीज भावंडापासून आला आहे. १९६२ ते १९६८ ह्या काळांत आपल्या देशांत मेक्सिकोचे राजदूत असलेले कवि ऑक्ताव्हियो पास यांनीं १९५० मध्यें एकाकीपणाच्या चक्रव्यूहावर जो निबंधग्रंथ प्रसिद्ध केला, त्यांत एकाच क्रियापदाच्या नाना अर्थच्छटांचा विस्तारानें विचार केला आहे. तें क्रियापद मात्र ह्या मासिकांत छापण्यासारखें नाहीं.

सर्वांत मौज वाटली ती जाण्यायेण्याच्या बोलण्याची. तिकडे कोणी हांक मारली तर ‘या बोय’ म्हणतात, म्हणजे ‘आतां जातों’. अर्थ मात्र ‘येतों’ असा. उलट दुकानांत जावयास निघालेली सूनबाई दारांतून ‘आओरीता बेंगो’ म्हणे, म्हणजे ‘आत्तां येतें’. मला प्रथम हा उलटा कारभार वाटला. मग ध्यानांत आलें कीं, हांक ऐकून जागचा न हललेला मनुष्य आपल्याकडे ‘आलों’ असा भूतकाळ वापरतो, आणि उंबरठ्याबाहेर पाऊल टाकतांना आपण ‘जातों’ कधींच म्हणत नाहीं. मम्मटानें काव्यप्रकाशांत दाखविलें आहे कीं, ‘सूर्य मावळला’ एवढ्या वाक्यावरून गुराखी गुरें वळवितो, वाणी दुकान आवरतो आणि सेनापति शत्रूवर चालून जातो. तो ग्रंथ मीं अनेकांना शिकविला; पण स्वयंपाकघरांतून आलेल्या एका शब्दावरून ‘मी तुमच्यासाठीं खपतें आहें, थोडें थांबा’ एवढें मला ओळखतां आलें नाहीं. भूक आणि अहंकार दोन्ही जागीं असलीं कीं व्यंजना ऐकूं येत नाहीं, असें आतां वाटतें.

सूनबाईची क्षमा मीं मागितली. स्पॅनिश वाक्य आदल्या रात्रीं जुळवून पाठ केलें होतें, तें ऐन वेळीं विसरलों. तिनें एक पोळी वाढली, ती मीं खाल्ली, आणि दुसरी मागितली. तेवढ्यानें काम झालें.

निघण्याच्या दिवशीं दोघें विमानतळावर आलीं होतीं. सूनबाईनें नवऱ्याकडून शिकून घेतल्याप्रमाणें वांकून नमस्कार केला. संवयीनें माझ्या तोंडून ‘येतों’ निघून गेलें. तिला तें कळलें नाहीं. म्हणून तिच्या भाषेंत म्हणालों, “आओरीता बेंगो.” कोपऱ्यावरच्या दुकानीं जाणारानें बोलावयाचे ते शब्द, चिरंजीवाला हंसूं आलें. ती हंसली नाहीं. माझा हात धरून म्हणाली, “सी, अण्णा. आओरीता.”

त्या शब्दाचे चारही अर्थ आतां आम्हां दोघांना ठाऊक होते. त्यांतला कोणता घ्यावयाचा, हें मीं तिला विचारलें नाहीं.