अडीच सेंटिमीटरचं दार

रुग्णाचा पहिला प्रश्न बहुतेक वेळा ठरलेला असतो : "डॉक्टर, भोकं किती?" एकच, असं म्हटलं की चेहरा खुलतो. मला मात्र त्या आनंदात पूर्ण मनानं सामील होता येत नाही. मुंबईत शिकून मी अमेरिकेत मूत्रविकारांचा सर्जन झालो. प्रोस्टेटचा कर्करोग काढताना आता एकाच छेदातून चालणारा 'दा विंची एसपी' हा रोबो वापरतो. त्याच्या गुणांत भोकांची संख्या मी सगळ्यात खाली धरतो.

एका भोकातून काम करणं मुळात शस्त्रक्रियेच्या स्वभावाविरुद्ध आहे. डावा हात डावीकडून, उजवा उजवीकडून आणि मधून नजर, हा त्रिकोण जुळला की टाका सुबक पडतो. मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात डॉ. तेहेमतन उदवाडिया यांनी १९९० साली दुर्बिणीतून पित्ताशय काढलं, तेव्हापासून आपल्याकडच्या सर्जनांनी हा त्रिकोण वेगवेगळ्या भोकांतून साधला. पुढे बेंबीतल्या एकाच छेदाची लाट आली. हत्यारं एकमेकांवर आपटायची, कॅमेरा मध्ये यायचा. अरुंद तोंडाच्या बरणीत दोन चमचे घालून तळाची फोड उचलून बघा, म्हणजे कल्पना येईल. काही जण हातांची अढी घालून, डाव्या हातानं उजवीकडचं हत्यार चालवत. रोबोच्या २०११ मधल्या पहिल्या उपायात वाकड्या नळ्या बेंबीत एकमेकींना छेदून जात आणि संगणक डाव्या-उजव्याची अदलाबदल करून देई. युक्ती हुशारीची होती, पण त्या हत्यारांना मनगट नव्हतं. टाके घालणाऱ्याला मनगट नसेल तर बाकीचं कौतुक काय कामाचं?

अमेरिकेत २०१८ साली मूत्रविकारांसाठी परवानगी मिळालेल्या एसपीत हे कोडं बरंचसं सुटलं. अडीच सेंटिमीटर व्यासाच्या एकाच नळीतून तीन हत्यारं आणि एक कॅमेरा आत जातात. आत गेल्यावर प्रत्येक हत्यार आधी कोपरात वाकतं, मग मनगटात. हरवलेला त्रिकोण शरीराच्या आत पुन्हा उभा राहतो.

पण कोपर उघडायला जागा लागते. नळीच्या टोकापासून साधारण दहा सेंटिमीटर अंतर मिळालं नाही, तर हत्यारं अवघडून बसतात. प्रोस्टेट जवळ असेल तर नळी आत ढकलायची नाही, उलट मागे घ्यायची. त्वचेवर पारदर्शक फुगवटा बसवून नळीचं टोक शरीराबाहेरच, त्या फुगवट्यात तरंगत ठेवायचं. जवळ जायचं असेल तर आधी लांब उभं राहा, हे वर्षानुवर्षं दुर्बीण चालवलेल्या हाताला सहज पटत नाही. शिवाय या हत्यारांची पकड अनेक भोकांच्या नेहमीच्या रोबोच्या मानानं दुबळी. ऊती ओढून धरायची सवय सोडून गुरुत्वाकर्षणाची मदत घ्यावी लागते. स्पर्श तर नाहीच. धाग्याचा ताण डोळ्यांनी वाचायचा. गाठीखालची ऊती पांढरी पडू लागली की थांबायचं.

एवढी यातायात कशासाठी? माझं उत्तर आहे, वाटेसाठी. नेहमीच्या रोबोनं प्रोस्टेट काढताना पाच-सहा भोकं पाडून पोटात शिरावं लागतं, पोट कार्बन डाय ऑक्साइडनं फुगवावं लागतं आणि आतडी वर सरकावीत म्हणून रुग्णाला डोकं खाली करून तिरपं ठेवावं लागतं. एसपीनं ओटीपोटावरच्या छोट्या छेदातून थेट मूत्राशयात उतरून प्रोस्टेटपर्यंत पोहोचता येतं. क्लीव्हलँड क्लिनिकच्या जिहाद काऊक यांनी ही वाट पुढे नेली. आतड्यांना हातही लागत नाही, रुग्ण जवळजवळ सपाट झोपलेला असतो. आधीच्या शस्त्रक्रियांनी आतडी चिकटलेला माणूस समोर आला की या वाटेची किंमत कळते.

इतर शाखांकडेही मी याच नजरेनं बघतो. कान-नाक-घशाचे सर्जन एसपीनं तोंडातून थेट जिभेच्या मुळाशी असलेल्या गाठीपर्यंत पोहोचतात. २०१९ मध्ये अमेरिकेत त्यालाही मंजुरी मिळाली. पूर्वी अशा गाठीसाठी कधी जबडा दुभंगावा लागे, त्यामुळे तिथे फायदा उघड आहे. दक्षिण कोरियात काखेतून थायरॉइड काढतात. सोलच्या सेव्हरन्स रुग्णालयानं एसपी येण्याआधीच रोबोची ही पद्धत रुजवली होती. इथे मला माझा हेका थोडा सैल करावा लागतो. उघड्या गळ्यावरचा व्रण माणूस रोज आरशात बघतो. त्याला क्षुल्लक म्हणणारा मी कोण?

पित्ताशयाबद्दल मात्र मी ठाम आहे. नेहमीच्या दुर्बिणीनं ते छान निघतं आणि रुग्ण लवकर घरी जातो. तिथे बेंबीतला छेद मोठा केला की हर्नियाची शक्यता वाढते, वर यंत्राचा खर्च. तीन बारीक व्रण वाचवायला हा सौदा मला महाग वाटतो.

म्हणून कुणी रोबोचा सल्ला दिला तर भोकं मोजू नका. कुठल्या वाटेनं जाणार, त्या वाटेनं याआधी किती रुग्णांवर काम केलंय आणि मध्येच अडलं तर पुढे काय करणार, हे विचारा. असल्या प्रश्नांनी सर्जन चिडला, तर दुसरा शोधा.