गार बाटली

मी बियर पीत नाही. पुण्याचा पुतण्या पितो. रावेरला आला की आजवर मागच्या खोलीत, दार लावून. गेल्या मे महिन्यात मीच म्हटलं, "अरे, अंगणात बस." पारा ४४ वर. बाटली लगेच कोमट व्हायला लागली, म्हणून त्याने ती ओल्या फडक्यात गुंडाळली. "काका, माठाचंच तंत्र!"

पण तसं नाही. एक ग्रॅम पाणी वाफ होताना सुमारे ५८० कॅलरी उष्णता ओढून नेतं, त्यामुळे गरम वस्तू गार होते, पण माठाइतकीच. फ्रिजमधली बाटली त्याहून गार. तिच्यावर उलट हवेतली वाफ जमते आणि तीच उष्णता तिला परत देते. (मुंबईच्या दमट हवेत तर जास्तच.) २०१३ साली वॉशिंग्टन विद्यापीठातल्या दोघा शास्त्रज्ञांनी हे बियरच्याच डब्यांवर तपासलं. उद्योग बघा!

म्हणजे गार बाटलीला कोरडं कव्हर हवं. हल्ली फोमची कव्हरं मिळतात, थर्मासच्या धर्तीचे दुहेरी भिंतीचे स्टीलचे पेलेही. घरात दोन्ही नव्हतं. मी थंडीतला लोकरी मोजा काढून दिला, धुतलेला. जाताना तो मोजा पुण्याला घेऊन गेला. एकच.