फिकी पडू द्या

"ताई, चांगली गडद करा, पैसे वसूल झाले पाहिजेत." कायमच्या भुवया करून घ्यायला आलेल्या बायका हे हमखास म्हणतात. त्यांचं चुकत नाही. हजारो रुपये मोजायचे, बधिर करणारं क्रीम लावून तास-दोन तास डोळे मिटून पडायचं आणि दीड-दोन वर्षांत भुवई पुसट झाली तर मनाला लागणारच. पण एवढी वर्षं हे काम केल्यावर माझं मत पक्कं झालं आहे. पुसट होत जाणारी भुवई सांभाळता येते. वर्षानुवर्षं हटून बसलेली भुवई सांभाळता येत नाही, ती झाकावी लागते.

याचं कारण कातडीत आहे. सगळ्यात वरचा थर साधारण महिन्याभरात झडतो आणि नवा येतो. रंग तिथेच राहिला तर त्याच्याबरोबर निघून जातो. म्हणून सुई त्याच्या जेमतेम खाली न्यायची असते. तिथे शरीर या रंगाला परका समजतं आणि काही पेशी त्याचे कण गिळून बसतात. त्या पेशी मेल्या की कण मोकळे होतात आणि नव्या पेशी ते पुन्हा गिळतात. फ्रान्समधल्या संशोधकांनी 2018 साली उंदराच्या शेपटीवरच्या टॅटूत हे दाखवून दिलं. कायमचं म्हणतात ते असं आहे, आतमध्ये सतत उचल-ठेव चालू असते आणि त्यात काही कण हळूहळू वाहून जातात.

सुई जास्त खोल गेली तर रंग टिकतो, पण निळसर दिसायला लागतो. आपल्या आज्यांच्या कपाळावरचं, हनुवटीवरचं गोंदण बघा. गोंदताना काळं होतं, म्हातारपणी हिरवट-निळं झालं आणि ठिपक्यांच्या कडा पसरल्या. कातडीत प्रकाश विखुरतो आणि खोलवरच्या काळ्या रंगावरून आपल्या डोळ्यापर्यंत निळी झाक जास्त येते. गोंदणाला ती झाक शोभते, त्याचं रूपच ते आहे. भुवईवर मात्र ती लांबूनही खटकते.

रंग कोणता भरला यावरही पुढचं बरंच ठरतं. कार्बनचा काळा दीर्घकाळ राहतो आणि राखाडी-निळ्याकडे झुकतो. आयर्न ऑक्साइडचे रंग, म्हणजे गेरू ज्या जातीचा त्याच जातीचे, लवकर फिके होतात आणि पुष्कळदा मागे तांबूस छटा ठेवून जातात. मला दुसरे पसंत आहेत. तांबूसपणा थोड्या थंड रंगाने मारता येतो. मुरलेल्या निळ्यावर नारिंगी चढवता येतो, पण तोवर कातडीत रंगाची गर्दी झालेली असते.

पहिल्या महिन्याबद्दल मी प्रत्येकीला दोनदा सांगते, कारण घाबरून फोन येतात ते तेव्हाच. पहिले दोन-चार दिवस भुवई हवी त्याहून बरीच गडद दिसते. मग खपल्या धरतात, आणि त्या पडल्या की वाटतं सगळं गेलं. तसं झालेलं नसतं. वर आलेली नवी कातडी अजून धुरकट असते, ती निवळली की चार-सहा आठवड्यांत खरा रंग वर येतो. खपली नखाने काढली तर तिच्याखालचा रंगही निघतो आणि तिथे टक्कल पडल्यासारखा ठिपका राहतो. दहा-बारा दिवस वाफ नको, पोहणं नको, घाम गळेल असा व्यायाम नको. डोक्याला चपचपीत तेल लावून ते कपाळावर ओघळू देऊ नका. हेल्मेटची आतली गादी आणि स्कूटीवर करकचून बांधलेला स्कार्फ नेमके भुवईवर घासतात, तेवढे दिवस रिक्षाने जा. लग्न ठरलं असेल तर किमान दोन महिने आधी या, ओल्या भुवईवर हळद चढवायची नसते. भुवई भरून आल्यावर मात्र तोच स्कार्फ उन्हापासून तिचं उत्तम रक्षण करतो.

पुढची निगा साधी आहे, पण ती रोज करावी लागते. बाहेर पडताना भुवईवरूनही सनस्क्रीन फिरवायचं. रेटिनॉलची, ग्लायकोलिक अॅसिडची आणि गोरेपणाची क्रीमं भुवईपासून बोटभर लांब ठेवायची, कारण कातडी सोलण्याचं त्यांचं काम ती रंग बघून थांबवत नाहीत. फेशियल-ब्लीच करणाऱ्या मुलीला आधी सांगायचं. तेलकट कातडीवर रंग लवकर जातो आणि केसासारख्या बारीक रेघा पसरतात. अशा चेहऱ्यावर मी रेघांऐवजी मशीनने पावडरसारखी सावली भरते.

आता टच-अप. पहिला दीड-दोन महिन्यांनी, तो मूळ कामाचाच भाग. त्यानंतरचा कधी, याला कॅलेंडरचं उत्तर नाही. बाई समोर आली की मी भुवईवरची पेन्सिल पुसून काढते, पांढरा दिवा जवळ घेते आणि कातडी दोन बोटांत ताणून बघते. बहुतेक वेळा नाकाजवळचा भाग सगळ्यात आधी गेलेला असतो, तिथे तेल जास्त. शेपटाकडे रंग शिल्लक असतो, पण रेघ जाड झालेली असते. मग मी शेपटाला हातच लावत नाही. पुढच्या भागात पातळ रंगाची सावली देते, तीही मागच्या वेळेपेक्षा कमी, आणि उठते. "एवढंच?" असं तोंडावर उमटलेलं दिसतं. एवढंच पुरे असतं.

रंग अजून निम्म्याहून जास्त असेल तर मी सहा महिने थांबायला सांगते. काही जणी रागावून दुसरीकडे जातात. पण एकावर एक थर चढवत गेलं की भुवई ठोकळ्यासारखी होते, सुई पुन्हा पुन्हा बसून खालची कातडी कडक होते आणि मग नवा रंग नीट धरत नाही. ते काढायचं म्हटलं तर लेसरलाही मर्यादा आहेत. आयर्न ऑक्साइड किंवा टायटॅनियमचा पांढरा असलेला रंग लेसरने उलट काळा पडू शकतो, म्हणून जाणकार डॉक्टर आधी लहानशा जागेवर करून बघतात. आणि चेहरा काही एका जागी थांबत नाही. पन्नाशीनंतर भुवई खाली उतरते, केस पांढरे होतात. पस्तिशीत काढलेली उंच काळी कमान त्या चेहऱ्याला बसत नाही. रंग फिका पडत गेला असेल तर दर वेळी आकार थोडा बदलायला जागा मिळते.

काही जणींना मी सुई लावायच्या आधी डॉक्टरकडे पाठवते. भुवईचा बाहेरचा तिसरा हिस्सा आपोआप विरळ होत असेल तर थायरॉइड तपासा. कुष्ठरोगातही भुवया झडतात आणि तो आज औषधांनी पूर्ण बरा होतो, तेव्हा लाजू नका. केमोथेरपीत केस गेलेल्या बाईसाठी तर मला हे काम सगळ्यात मोलाचं वाटतं, पण तिच्या डॉक्टरांचा होकार मिळाल्याशिवाय मी मशीन हातात घेत नाही. गरोदरपणी आणि बाळ अंगावर पीत असताना थांबायचं.

तुम्ही करून घेणार असाल तर एवढं करा. कालच्या कामाचे फोटो बघू नका, दोन वर्षं जुन्या भुवयांचे मागा. सुई तुमच्यासमोर पाकिटातून काढायला लावा. रंगाची कंपनी, छटा, बॅच नंबर आणि तारीख लिहून घ्या. पुढे दुसऱ्या शहरात टच-अप करायचा झाला तर तो कागद लागेल. एमआरआय करायची वेळ आली तर भुवयांत रंग आहे हे तंत्रज्ञाला आधी सांगा, काही रंगांतल्या लोहामुळे क्वचित तिथे चुरचुरतं. आणि कोणी दर सहा महिन्यांनी टच-अपला या म्हणालं, तर तिथे जाऊ नका.