शिसवीची आठ पानं

जुन्या रेडिओची पेटी किंवा कपाटाचं दार निरखून पाहिलं, तर वरचं देखणं लाकूड जाड पुठ्ठ्याहूनही पातळ असल्याचं लक्षात येतं. हेच व्हिनिअर. जेमतेम अर्धा मिलिमीटर जाडीची ही पानं एकाच ओंडक्यातून एकापाठोपाठ कापलेली असतात. लगतची दोन पानं पुस्तकासारखी उघडून शेजारी लावली, की रेषा आरशात पाहिल्यासारख्या जुळतात. म्हणूनच त्यातलं एक फाटलं, तर दुसऱ्या ओंडक्याचं पान तिथं चालत नाही.

आमच्या आप्पांनी शिसवीची अशी आठ पानं जपून ठेवली होती. मागच्या बाजूला कोपऱ्यात पेन्सिलीने १ ते ८ आकडे घातलेले. शिसवीला अव्वा ‘बीटे’ म्हणते. तिचं माहेर कन्नड, आप्पा मराठी, त्यामुळे घरात निम्म्या वस्तूंना दोन नावं. ताईच्या देवघराच्या दारांना ही पानं लावायची, असं आप्पा म्हणायचे. ते राहून गेलं. आप्पा गेल्यावर अव्वाने तो गठ्ठा ताईकडे, मध्य प्रदेशातल्या देवास जिल्ह्यात बागलीला पाठवला.

देवास आपल्या भागाला परकं नाही. बेळगाव जिल्ह्यातल्या सुळेभावीत १९२४ साली जन्मलेले कुमार गंधर्व क्षयाच्या आजारात १९४८ साली तिथं राहायला गेले, ते माळव्याची कोरडी हवा मानवेल म्हणून. माणसाच्या छातीला मानवणारी ही हवा लाकडाला मात्र जड जाते. तंतूंत मुरलेलं पाणी उडालं की लाकूड आकसतं. रेषेच्या दिशेने नाममात्र, आडवं बरंच. आमच्या पानांतल्या रेषा वळणावळणाच्या, त्यामुळे प्रत्येक जागा वेगळी ओढली गेली. एका उन्हाळ्यात पानं भाजलेल्या पापडासारखी झाली.

गेल्या वर्षी मे महिन्यात मी बागलीला गेलो, तेव्हा ताईने गठ्ठा पुढे ठेवला. ऐंशी ओलांडलेली अव्वा दिवाळीला येणार होती. देवघर तोवर व्हावं, एवढीच ताईची इच्छा. दाजी म्हणाले, “वजन ठेवून बघूया का?” बागलीच्या दक्षिणेला विंध्याच्या उतारावर सागाचं जंगल, लाकूड जाणणाऱ्यांना तिथं तोटा नाही. गल्लीतल्या वयस्कर मिस्त्रींना बोलावलं. त्यांनी एक पान बोटाने हलकेच दाबलं, कुरकुर ऐकली आणि म्हणाले, “पहले इसको पानी तो पिलाओ, भैया.”

नुसतं पाणी पुरत नाही. वाळल्यावर पान पुन्हा मुरडतं. मिस्त्रींनी प्लास्टिकच्या टबात तीन वाट्या पाणी, दोन वाट्या फेविकॉल, एक वाटी ग्लिसरीन आणि एक वाटी स्पिरिट कालवलं. स्पिरिटमुळे पाणी चटकन आत शिरतं, ग्लिसरीन तंतू लवचिक ठेवतं आणि फेविकॉल सपाट झालेलं पान धरून ठेवतो. स्पिरिट असल्याने हे काम शेगडीपासून लांबच करावं. लोखंडी घमेलं त्यांनी टाळलं. ओल्या लाकडाला लोखंड लागलं की काळे डाग पडतात.

पानं दोन्ही बाजूंनी भिजवून निथळली. मऊ पडल्यावर फळीवर कोरे कागद, त्यावर नायलॉनची जाळी, पान, पुन्हा जाळी, पुन्हा कागद, असे थर लावले. जाळीमुळे कागद चिकटत नाही. छापील वर्तमानपत्र नको, शाई उतरते. वरच्या फळीवर आधी दोनच विटा, अर्ध्या तासाने आणखी दोन. एकदम दाबलं तर सुरकुतीच्या जागीच चीर जाते. पहिल्या दिवशी दर तीन-चार तासांनी कागद बदलले, मग सकाळ-संध्याकाळ.

अव्वाचा रोज फोन. “सपाट आतेनु?” अजून नाही म्हटलं, की “सावकाश माडप्पा.” सावकाश हा शब्द तिला कन्नड वाटतो, आम्हाला मराठी.

पाचव्या दिवशी पानं कोरडी आणि सपाट निघाली. सहाव्या पानात जुनी बारीक चीर होती. तिच्यावर दर्शनी बाजूने कागदी चिकटपट्टी लावली, ती नंतर ओली करून काढली. पेन्सिलीचे आकडे पाण्याने गेले नव्हते, त्यामुळे क्रम चुकला नाही. चिकटवण्याच्या दिवसापर्यंत पानं वजनाखालीच ठेवली. दारांच्या आतल्या बाजूला सागाचं साधं व्हिनिअर लावलं, कारण एकाच बाजूला लावलं तर फळी वाकते.

दिवाळीला अव्वा आली. दारावरून तळहात फिरवत तिने चीर कुठे होती ते विचारलं. ताईने बराच वेळ शोधली, पण तिला ती दाखवता आली नाही.