मळमळीचे कारण आणि चिनी वैद्यक

निवासी शाळेत इतिहास शिकविताना आम्हांस नेहमी जाणवते की, विद्यार्थी इत्सिंगचे नाव परकीय प्रवाशांच्या यादीत पाठ करतात; तो काय शिकून गेला, हे मात्र क्वचितच विचारतात. इ. स. ६७१ मध्ये चीनहून समुद्रमार्गे निघालेल्या या भिक्खूने नालंदा महाविहारात सुमारे दहा वर्षे अध्ययन केले. येथील आजार व औषधे यांविषयीही त्याने लिहिले. पुष्कळ आजार अतिभोजनातून उद्भवतात, म्हणून प्रथम अन्न थांबवावे, ही येथील रीत त्याने आपल्या देशबांधवांस कळविली.

त्याच्या नोंदींमुळे आमचे कुतूहल चिनी वैद्यकाकडे वळले. वैशाखात मळमळणारी मुले वसतिगृहात आम्ही दरवर्षी पाहतो आणि सर्वांनाच आले देण्याचा आपला प्रघात आहे. चिनी वैद्य मात्र आधी मळमळ कोणत्या प्रकारची, हे विचारतो. त्याच्या मते जठराची प्राणशक्ती खाली उतरावयास हवी. ती उलट वर चढली की मळमळ होते. तहान, थंड पाण्याची इच्छा, तोंडास दुर्गंधी, आंबट-कडू उलटी, लाल जिभेवर पिवळा थर आणि जलद नाडी ही जठरातील उष्णतेची लक्षणे होत. पाण्यासारखी उलटी, फिकट जीभ आणि उबेची ओढ असल्यास तो कारण थंडीत शोधतो व तेथे आले योजतो.

उष्णतेवर बांबूच्या खोडाची हिरवी साल काढल्यावर आतून खरवडलेला कीस, बोरूची मुळे किंवा 'हुआंगल्येन' ही कडू पिवळी मुळी वापरतात. सुमारे अठराशे वर्षांपूर्वीच्या चांग चुंगचिंगच्या ग्रंथातील एका काढ्यात बांबूचा कीस व संत्र्याची साल यांच्या जोडीला आलेही आहे. अशक्तपणा व उष्णता एकत्र असता तो देतात. घरोघरी उन्हाळ्यात मुगाचे पातळ सार पितात; तिखट, तळलेले व मद्य वर्ज्य करतात. मनगटाच्या घडीपासून रुग्णाच्याच तीन बोटांवर, दोन कंडरांमधील 'नेइग्वान' बिंदूही दाबतात.

परंपरा प्राचीन आहे म्हणून ती खरी ठरत नाही, हे बाबासाहेबांच्या विचारांवर वाढलेल्या आपणांस सांगावयास नको. नेइग्वान बिंदूच्या उत्तेजनाने शस्त्रक्रियेनंतरची मळमळ कमी होते, असे चाचण्यांतून दिसले आहे. 'आंतरिक उष्णता' ही संकल्पना मात्र प्रयोगशाळेत मोजता येत नाही. हुआंगल्येन गर्भवतींना व नवजात बालकांना देऊ नये. उलटी थांबत नसेल, पाणी टिकत नसेल, उलटीत रक्त असेल, डोळे पिवळे दिसत असतील अथवा उन्हात भ्रम होऊ लागला असेल, तर काढ्याची वाट न पाहता डॉक्टरांकडे जावे.

तरीही चिनी वैद्याची पहिली कृती आम्हांस अनुकरणीय वाटते. तो औषधाआधी प्रश्न विचारतो. कार्यकारणभावाचा विचार आपल्या धम्माच्या केंद्रस्थानी आहे. म्हणून प्रत्येक पालकाने व माजी विद्यार्थ्याने आजारी मुलास आधी विचारावे की, बाळा, तहान लागली आहे की थंडी वाजते आहे?