तोटा कुणाचा

खोटा मेसेज कसा ओळखावा, यावर मी घोडेगाव परिसरातल्या शाळांत आणि बचत गटांच्या बैठकांत बोलत आलो. माझं मत ठाम होतं: लोकांना तपासता येत नाही, म्हणून ते फसतात. व्हिडिओतल्या पाट्या कुठल्या लिपीत आहेत, गाड्यांचे नंबर कुठले, फोटो जुना आहे का, हे तासाभरात दाखवलं की काम झालं. हे मत आता माझं राहिलेलं नाही. बोलणं मात्र चालू आहे, म्हणून हे सांगायला हवं.

ते मत आधी डळमळलं ते इथल्या बाजारात. शुक्रवारी जनावरांच्या बाजारात म्हैस घेणारा माणूस बघा. दात बघतो, शिंगाच्या वळ्या मोजतो, चालवून बघतो, स्वतः धार काढतो आणि मालकानं सांगितलेला दुधाचा आकडा मनातल्या मनात कमी करूनच धरतो. कांद्याचं तेच. गाडी भरण्याआधी लासलगावला काय निघाला, सोलापूरला काय निघाला, ओळखीच्या आडत्याला फोन, शेजाऱ्याच्या पट्टीवर नजर. ‘निर्यात बंद होणार’ असा मेसेज आला म्हणून चार ठिकाणी विचारल्याशिवाय कुणी चाळ मोकळी करत नाही. अशा माणसाला मी काय तपासायला शिकवणार? तोच माणूस ‘मुलं पळवणारी टोळी फिरतेय’ हा मेसेज मात्र पुरता न वाचता पाच जणांना धाडतो. अक्कल तीच. एका ठिकाणी चूक झाली तर त्याचे पैसे जातात, दुसऱ्या ठिकाणी त्याचं काहीच जात नाही.

२०२० च्या सुरुवातीला कोंबडीमुळे कोरोना होतो अशी आवई उठली. राज्यात भाव कोसळले, काहींनी पक्षी फुकट वाटले. त्या दिवसांत त्या आवईचा सगळ्यात चिकाटीनं पाठलाग केला तो पोल्ट्रीवाल्यांनी. त्यांना कुणी कार्यशाळा दिली नव्हती.

आता उलटं उदाहरण, राईनपाडा. धुळे जिल्ह्यातल्या साक्री तालुक्यात, १ जुलै २०१८, रविवार, आठवडी बाजाराचा दिवस. भिक्षा मागत आलेले नाथपंथी डवरी गोसावी समाजातले पाच जण, बहुतेक मंगळवेढ्याकडचे, मुलं पळवणारे समजून जमावानं ठार मारले. ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडून मारले. गाव आदिवासी पट्ट्यातलं, आलेले बहुतेक सोलापूरकडचे. बोली वेगळी, पेहराव वेगळा, ओळखीचं कुणी नाही. त्या काळात फिरत असलेला मोटारसायकलवरून मूल उचलण्याचा व्हिडिओ मुळात कराचीतल्या एका संस्थेनं बालसुरक्षेसाठी केलेला होता. शेवटी मूल परत दिलं जातं आणि पालकांसाठी संदेश येतो, तेवढा भाग कापून टाकून उरलेला व्हिडिओ भारतभर पसरला. मी वर्गात हे सांगायचो तेव्हा पोरं चकित व्हायची आणि मला वाटायचं, जिंकलो. पण तो व्हिडिओ खोटा ठरला म्हणून झोळीवाल्या अनोळखी माणसाबद्दलचा संशय थोडाच खोटा ठरतो? तो फार जुना आहे. १८७१ च्या कायद्यानं कित्येक जमातींना जन्मापासून गुन्हेगार ठरवलं, शिक्का कागदावरून निघाला १९५२ मध्ये. गावोगाव ‘त्यांच्यावर लक्ष ठेवा’ हे अजून सहज बोललं जातं, आणि तेही चांगली माणसं बोलतात.

राईनपाड्यानंतर त्याच महिन्यात व्हॉट्सॲपनं भारतात एका वेळी पाचच ठिकाणी मेसेज पुढे पाठवण्याची मर्यादा आणली. तेव्हा मी खूश झालो होतो. एप्रिल २०२० मध्ये पालघरच्या गडचिंचल्यात दोन साधू आणि त्यांचा चालक अफवेपायीच मारले गेले. मर्यादा होतीच.

मग बिहारचे दोन अभ्यास वाचले. २०१९ च्या निवडणुकीच्या वेळी संशोधक सुमित्रा बद्रीनाथन यांनी लोकांच्या घरी जाऊन तासाभराचं प्रशिक्षण दिलं; एकूणात खोटं ओळखण्यात फरक पडला नाही. म्हणजे माझ्याच व्याख्यानाची परीक्षा कुणीतरी घेऊन ठेवली होती. पुढे त्यांनी सहकाऱ्यांबरोबर तिथल्याच हजारो विद्यार्थ्यांसाठी काही महिने वर्ग चालवले. तेव्हा फरक पडला, टिकला, आणि पोरांकडून घरच्या मोठ्यांपर्यंतही पोचला. या दुसऱ्या निकालावर माझा जास्त भरवसा आहे, कारण आईनं पुढे पाठवलेल्या मेसेजवर पोरगी रोज घरात हटकते, तेव्हा न तपासण्याची थोडी किंमत लागायला लागते.

आता मी व्हिडिओ कमी दाखवतो. मुलांना विचारतो, हा मेसेज खोटा निघाला तर मार कुणाला बसेल? त्याला तू ओळखतोस का? आपल्याच जिल्ह्यात मढीला कानिफनाथांच्या यात्रेत भटक्या समाजांची बिऱ्हाडं येतात. राईनपाड्यात मेलेले त्याच नाथपंथाचे होते, हे ऐकून घरात नवनाथांची पोथी असलेली वर्गातली निम्मी मुलं गप्प होत नाहीत, वाद घालतात. “पण सर, चोर नसतातच का?” असतात. मग पोलिसांना फोन कधी करायचा, गर्दी कधी करायची नाही, इथपर्यंत बोलणं येतं आणि तास संपतो. एक शिक्षक मित्र म्हणतो, ही चैन आहे. एवढे तास कुठून काढायचे, अभ्यासक्रम कोण संपवणार? त्याचं म्हणणं खोडता येत नाही. मी शनिवारची सकाळ मागितली आहे.